संथ, पात्रकेंद्री व्हॅम्पायरपट सुचवा (मुख्य भूमिकेत स्त्रिया हव्यात)

निशिगंध:
पाठलाग-मारामारीचा व्हॅम्पायरपट नकोय. ठाय लयीतला, माणसं हळूहळू उलगडणारा हवा. मुख्य पात्रं स्त्रियाच असाव्यात. नायकाला भुलवण्यापुरती येणारी आणि शेवटी छातीत खुंटी ठोकून संपवली जाणारी बाई नको. भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स असली की झालं. एकापेक्षा जास्त आवृत्त्या असतील तर कुठली बघायची तेही लिहा. शेवट फोडू नका, प्लीज.

मंदसप्तक:
डोळे झाकून 'बायझँटियम' (२०१२, दिग्दर्शक नील जॉर्डन). क्लारा (जेमा आर्टरटन) आणि एलेनॉर (सर्शा रोनन) या मायलेकी दोनशे वर्षं गावं बदलत जगताहेत. खरं काय ते लपवलं म्हणून आईला मुलगी जगवता आली, आणि मुलीला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळा चित्रपट या एका ताणावर उभा आहे.

एलेनॉर आपली हकीकत कागदावर लिहिते आणि पानं वाऱ्यावर सोडून देते. सुरुवातीलाच एक म्हातारे गृहस्थ भेटतात. त्यांनी ती पानं गोळा करून वाचलेली असतात, आणि आपण जायला तयार आहोत असं ते स्वतःच तिला सांगतात. तिला सुळे नाहीत. अंगठ्याचं नख तेवढं लांब होतं आणि मनगटाच्या शिरेत शिरतं. ऊन बाधत नाही, लसूण-क्रूसही नाहीत. नियमावली समजावण्यात वेळ जात नाही, म्हणून भूक, अपराधभाव आणि एकटेपणा यांना जागा मिळते.

पटकथा मोइरा बफिनी यांची, त्यांच्याच नाटकावरून केलेली. दोघीच समोरासमोर असतात ते प्रसंग इतके भरीव का, ते यावरून कळतं. डार्वेल आणि रुथवेन या दोन पात्रांची नावं लक्षात ठेवा. पहिलं इंग्रज कवी बायरनच्या अपूर्ण व्हॅम्पायरकथेतलं, दुसरं त्याचा डॉक्टर पॉलिडोरी याच्या १८१९ च्या व्हॅम्पायरकथेतलं. चित्रपटातल्या व्हॅम्पायर पुरुषांच्या परंपरेत बाईला नवा व्हॅम्पायर घडवायची मुभा नाही, आणि क्लाराचं सगळं भांडण त्याच्याशीच आहे.

अडचण एकच. पहिला अर्धा तास काळ सारखा मागेपुढे होतो. कपड्यांवरून काळ ओळखत गेलात की धागा सुटत नाही. शेवटच्या भागात थोडी धावपळ आहे.

कृष्णधवल:
वरच्याला अनुमोदन. दुसरा 'अ गर्ल वॉक्स होम अलोन ॲट नाइट' (२०१४, ॲना लिली अमीरपूर). फारसी भाषा, कृष्णधवल. गाव काल्पनिक इराणी, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातल्या टाफ्टमधलं. नायिकेला (शीला वंद) नावच नाही. आडव्या पट्ट्यांचा टीशर्ट, वर काळी चादोर (डोक्यावरून अंगभर घ्यायचं इराणी वस्त्र), आणि एका पोराकडून घेतलेला स्केटबोर्ड.

तिच्या खोलीतला प्रसंग नीट बघा. रेकॉर्ड वाजतेय, आरशांचा गोळा फिरतोय, तिला भेटलेला तरुण मागून हळूहळू जवळ येतो. ती वळते, त्याची मान मागे झुकवते, आणि चावायच्या ऐवजी छातीवर कान टेकवून ठोके ऐकते. इथे ज्याचा जीव घाईला येईल त्याने बाकीचा बघू नये. कथानक बारीक आहे, संवाद मोजके. 'पुढे काय होणार' म्हणून बघितला तर निराशा होईल.

पडद्यामागे:
जुन्यांपैकी 'डॉटर्स ऑफ डार्कनेस' (१९७१, हॅरी क्युमेल) सोडू नका. बेल्जियमच्या किनाऱ्यावरच्या ऑस्टेंडचं ऑफ-सीझनमधलं रिकामं हॉटेल, नवविवाहित जोडपं, आणि काउंटेस बाथोरी झालेली डेल्फिन सेरिग. हॉटेलचा माणूस तिला चाळीस वर्षांपूर्वी बघितल्याचं सांगतो, आणि ती जशीच्या तशी. सेरिग आवाज चढवत नाही. ती जितकी गोड बोलते तितकी धास्ती वाढते. लाल, काळा, पांढरा हे रंग कपड्यांत सतत खेळवलेत आणि काही दृश्यं काळ्याऐवजी लाल रंगात विरतात. नवरा बायकोला पट्ट्याने मारतो असा प्रसंग आहे, ते आधी माहीत असू द्या.

आवृत्ती तपासूनच घ्या. पूर्ण चित्रपट सुमारे १०० मिनिटांचा, अमेरिकेत कापून दाखवलेला ८७ मिनिटांचा. अशा चित्रपटात कात्री आधी शांततेवर चालते आणि मग उरलेलं तुटक वाटतं.

मात्र कालावधी कमी दिसला म्हणजे कापलेलाच असं नाही. जुन्या युरोपीय डीव्हीडींवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी (फ्रेम्स) धावतात. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित वर चढते. ब्ल्यू-रेवर सहसा मूळ २४ असतात, म्हणून मिळाली तर तीच घ्या.

निशिगंध:
मंडळी, मनापासून आभार. 'लेट द राइट वन इन' या यादीत बसेल का? आणि 'वी आर द नाइट' मध्ये चौघी आहेत म्हणे?

मंदसप्तक:
'वी आर द नाइट' (२०१०, जर्मन) चौघींचा खरा, पण वेग ॲक्शनपटाचा. तुमच्यासाठी नाही.

'लेट द राइट वन इन' (२००८, स्वीडिश) लयीच्या बाबतीत अगदी तुम्हाला हवा तसा. पण मुख्य जोडीत एक मुलगा आहे, म्हणजे अट अर्धीच पूर्ण होते. बघणार असाल तर डब केलेला अजिबात नको. व्हॅम्पायर झालेल्या एलीचा आवाज मुद्दाम दुसऱ्या मुलीकडून, जरा खर्जातला घेतलाय आणि पात्राचं वय तिथेच कळतं. अमेरिकेत २००९ मध्ये आलेल्या पहिल्या डिस्कवर सबटायटल्स फार सोपी करून टाकली होती, संवादांतली धार गेली. प्रेक्षकांनी तक्रारी केल्यावर मूळ भाषांतर परत आलं. सुधारलेल्या डिस्कच्या मागच्या बाजूला सबटायटल्सपुढे 'थिएट्रिकल' असं छापलेलं असतं, ते बघून घ्या.

कृष्णधवल:
टीव्हीच्या सेटिंगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मोशन स्मूदिंग बंद करा. नाहीतर टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवतो, आणि सावकाश सरकणारा कॅमेरा गुळगुळीत, मालिकेसारखा दिसतो. नॉइज रिडक्शनही बंद, नाहीतर फिल्मचा दाणा पुसला जाऊन चेहरे मेणाचे होतात. खोलीत अंधार करा आणि ब्राइटनेस असा लावा की वरखालच्या काळ्या पट्ट्या काळ्याच राहतील, पण चादोरच्या चुण्या दिसतील. चुण्या गायब झाल्या तर ब्राइटनेस कमी पडतोय, पट्ट्या राखाडी झाल्या तर जास्त. नेट मंद असेल तर रात्रीच्या आकाशात चौकोन उमटतात, तेव्हा आधी डाउनलोड करून बघा.

पडद्यामागे:
अजून एक राहिलाच: 'लेट्स स्केअर जेसिका टू डेथ' (१९७१). मनोरुग्णालयातून नुकतीच सुटलेली जेसिका, शेतावरचं घर, आणि तिथे आधीच राहणारी एमिली. जेसिकाच्या डोक्यातली कुजबुज हेच निम्मं भय आहे, आणि टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही. हेडफोन लावून बघा.

निशिगंध:
ठरलं. आधी 'बायझँटियम', मग १०० मिनिटांचा 'डॉटर्स'. 'जेसिका' हेडफोन हाताशी असतील त्या रात्री.