छोटी अंडरग्राउंड कोळसा खाण सुरक्षित होऊ शकते का, की बंदीच बरी?

अनिकेत_प्रश्न
मेघालयातल्या रॅट-होल, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद कोळसा खाणींबद्दल वाचतोय. २०१४ ला हरित लवादाने बंदी घातली, तरी डिसेंबर २०१८ ला जैंतिया हिल्समध्ये ख्सानच्या खाणीत १५ जण अडकले आणि जानेवारी २०२५ ला आसामात उमरांग्सोला परत तेच, खाणीत पाणी घुसलं. आसपासच्या भट्ट्यांना पुरेल एवढाच कोळसा काढायचा असेल तर छोटी खाण नीट चालवता येते का?

थर_आणि_दगड
तिथे थर पातळ आहेत, बरेचसे दोन मीटरच्या आत, त्यामुळे मोठी मशीन लावणं परवडत नाही. त्यात जमीन खाजगी किंवा समाजाच्या मालकीची, म्हणजे ज्याची जमीन तो खोदतो. विहिरीसारखा खड्डा खाली न्यायचा आणि थर लागला की सरपटत जाता येईल एवढी भोकं आडवी पाडत सुटायची, ख्सानला तो खड्डा ३७० फुटांच्या आसपास होता. शेजारच्याचं जुनं भोक कुठवर आलंय आणि त्यात पाणी साठलंय का हे कोणालाच माहीत नसतं कारण नकाशाच नाही. माझ्या मते खरा घात इथे होतो.

निवृत्त_ओव्हरमन
बरोबर. आमच्याकडे नियमच आहे की जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, आणि गेलात तर पुढे लांब भोक मारून पाणी आहे का ते आधी बघायचं. बाहेर पडायला दोन वाटा पाहिजेतच. शिफ्टच्या सुरुवातीला गॅस बघायचा, मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. मग सब्बलने छत ठोकायचं, ठणठणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला की तो दगड आधी पाडायचा किंवा टेकू द्यायचा, त्याशिवाय माणूस पुढे सोडायचा नाही. यातल्या कशालाही मोठी खाण लागत नाही दादा, जबाबदार माणूस लागतो.

वाचक_७७
इंग्लंडात फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये फ्रीमायनर (तिथे खाण काढायचा जुना हक्क असलेले स्थानिक) लोकांच्या अशा खाणी अजून आहेत, दोन-चार माणसांच्या. १८३८ च्या कायद्याने हक्क नोंदलेले, कोणाला कुठला भाग दिला याची नोंद सरकारी अधिकारी ठेवतो. म्हणजे खाण छोटी असली तरी हिशोब ठेवता येतो.

अनिकेत_प्रश्न
पण दोन वाटा, पंखा, पंप, एवढा खर्च एकट्या जमीनमालकाला झेपेल का?

निवृत्त_ओव्हरमन
एकट्याला नाहीच झेपणार. पाच-दहा मालकांनी मिळून एकच खाण काढावी, वाटा जमिनीप्रमाणे. सुप्रीम कोर्टाने २०१९ ला लीज आणि पर्यावरण मंजुरी घेऊन खाणकामाची वाट मोकळी ठेवलीच आहे. आणि खाणीचं आम्लाचं पाणी नदीत सोडायच्या आधी चुन्याने मारायचा खर्चही त्यातच धरा, नाहीतर खालच्या गावांचे मासे मरतात. पण सगळ्यात आधी जुन्या भोकांचा सर्व्हे करा, तो होईपर्यंत त्या डोंगरात कोणाला उतरवू नका.