सीएनजी पिकअपला स्पार्क प्लग कोणते टाकावेत? घाटात तीन नंबर सिलिंडर मिसिंग करतोय

सासवडचा_माळी

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी कंपनी फिटेड सीएनजी पिकअप. चार सिलिंडर, बाराशे सीसी, बीएस-४, २०१९ चं मॉडेल. सेकंडहँड घेतलेली, किलोमीटर नव्वद हजारांच्या पुढे गेलेत. पहाटे अंजीर, वाटाणा, जो हंगाम असेल तो माल घेऊन गुलटेकडीला मार्केट यार्डात जायचं आणि येताना पेंडीची नाहीतर खताची पोती भरून परत यायचं, असं तिचं काम.

त्रास असा आहे की येताना दिवे घाटात, गाडी भरलेली असताना तिसऱ्या गिअरला जोर दिला की झटके मारते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. तिथल्या तिथे पेट्रोलवर टाकली की निमूट चढते. सपाटीला गॅसवरही काही जाणवत नाही. स्कॅनर लावला तर कोड आला पी०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नाही.

मिस्त्रींनी चारही प्लग काढून दाखवले. तीन एनजीकेचे आहेत, त्यांवर बीकेआर६ई लिहिलंय. तीन नंबरचा मात्र बॉशचा निघाला, एफआर७डीसी. आधीच्या मालकाने कधीतरी एकच बदललेला दिसतो. मिस्त्रींचं म्हणणं, हाच घोळ आहे, सहा नंबरच्या गाडीत सात नंबर घातलाय. स्पेअर पार्टवाला उलटंच सांगतो. गॅसच्या गाडीला थंड प्लग लागतो, चारही सात नंबरचेच घ्या म्हणतो. त्यात धातूचा प्रश्न वेगळाच. साधा निकेलचा १३० रुपयांना एक, इरिडियमचा ५५० ला. मिस्त्री म्हणतात, साधेच टाका, गॅप (ठिणगी उडते ते दोन टोकांमधलं अंतर) ठोकून अर्ध्या मिलिमीटरवर आणू म्हणजे गॅसवर पळेल.

सहा घ्यायचे का सात? निकेल का इरिडियम? आणि गॅप नक्की किती ठेवायची? हंगाम तोंडावर आलाय, भरलेली गाडी घाटात अडकली तर माल वाया जाईल. कृपया नीट समजावून सांगा.

रानवारा

आमच्या बोलेरो पिकअपला इतक्या वर्षांत प्लगचा त्रास नाही. बदलावेच लागतात का हे?

गॅरेज_इचलकरंजी

रानवारा दादा, तुमची डिझेल असणार. डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. असतो तो हीटर प्लग, थंडीत स्टार्ट होण्यापुरता.

माळी दादा, आधी एक काम करा. दिवा लुकलुकत असेल तर गॅसवर तसंच रेटत घाट चढू नका. मिसफायर झालेला गॅस न जळता सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो, तिथे जळतो आणि कन्व्हर्टर आतून वितळतो. त्याचा खर्च प्लगच्या कितीतरी पट आहे. तोवर घाट पेट्रोलवर चढवा.

आता नवीन काही विकत घेण्याआधी तीन नंबरचा प्लग एक नंबरला टाका आणि एकचा तीनला. बाकी कशाला हात लावू नका. कोड पुसून पुन्हा भरलेली गाडी चढवून बघा. कोड पी०३०१ झाला तर दोष प्लगसोबत गेला. पी०३०३ च राहिला तर प्लगला दोष देऊन उपयोग नाही, मग कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती), इंजेक्टर, व्हॉल्व्ह असं पुढे बघायचं. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असेल तर कॉईलचीही अशीच अदलाबदल करता येते.

आणि तो बॉशचा प्लग उजेडात धरून वरची पांढरी चिनीमाती नीट बघा. काय दिसतं ते इथे लिहा.

अनुजा_चाकण

सहा-सातचा गोंधळ सोडवते, कारण मिस्त्री आणि दुकानदार दोघेही इथेच फसले आहेत.

प्लगवरचा तो आकडा म्हणजे हीट रेंज. प्लगचं टोक तापल्यावर ती उष्णता सिलिंडर हेडकडे किती लवकर काढून दिली जाते, याची ती पायरी आहे. आतल्या चिनीमातीचं नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघते, तो थंड प्लग. नाक लांब असेल तर तो गरम प्लग. टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८५० अंशांच्या मध्ये राहायला हवं. खाली गेलं तर काजळी जळत नाही, साचत जाते. वर गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेतं, आणि त्यात पिस्टनला भोक पडू शकतं.

खरी मेख अशी की सगळ्या कंपन्यांचे आकडे एकाच दिशेने जात नाहीत. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चँपियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. त्यामुळे एनजीकेचा ६ आणि बॉशचा ७ हे जवळपास एकच आहेत. डेन्सोत त्याच पायरीला २० म्हणतात. म्हणजे तुमच्या तीन नंबरला चुकीच्या हीट रेंजचा प्लग मुळात नाहीच. आणि दुकानदाराच्या सल्ल्याने तुम्ही एनजीकेचे ७ घेतले असते तर एक पायरी थंड प्लग गेले असते. बॉशचे ७ घेतले असते तर होते तिथेच राहिला असता. नुसतं "सात नंबर द्या" याला काही अर्थ नाही, कंपनीसकट बोलायला हवं.

थंड प्लग टाकायचा विचार मुळातच सोडा. कंपनीने गॅसवर विकलेलं इंजिन आहे, प्लगची निवड करतानाच त्यांनी ते धरलेलं असतं. शिवाय तुमची गाडी रोज सकाळी पेट्रोलवर स्टार्ट होऊन मग गॅसवर जात असेल. थंड इंजिन, पेट्रोल आणि थंड प्लग, तिन्ही एकत्र आले की काजळी धरते.

बाकीची अक्षरंही वाचून ठेवा. बीकेआर६ई मध्ये बी म्हणजे १४ मिलिमीटरचा आटा, के म्हणजे १६ चा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचा आटा. ही लांबी सगळ्यात महत्त्वाची. जास्त लांबीचा प्लग बसवला तर तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. कमी लांबीचा बसवला तर ठिणगी खोबणीत आत राहते. नंबरच्या शेवटी -११ असेल तर कारखान्यातून १.१ मिलिमीटर गॅप येते. तुमच्यासारखा बिनशेपटीचा असेल तर ०.८.

पण एक लक्षात घ्या, गाडी सेकंडहँड आहे. तीन प्लग सारखे निघाले म्हणजे तेच मूळचे, असं धरून चालू नका. मॅन्युअल असेल तर त्यातला नंबर आणि गॅप बघा, तो शेवटचा शब्द.

सासवडचा_माळी

अनुजाताई, मनापासून आभार. हे इतकं उलगडून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. त्यात एनजीकेचाच नंबर आहे, आकडा सहा, आणि गॅप ०.७ ते ०.८.

गॅरेजवाले दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्लग उन्हात धरून बघितला. चिनीमातीवर वरून खाली एक काळी रेघ आहे, शिसपेन्सिलीने ओढावी तशी बारीक. नखाने खरवडली तरी जात नाही. वरच्या टोपीपासून निघून खाली पान्याच्या लोखंडी भागापर्यंत येते. बाकी तिघांवर अशी रेघ नाही, तळाशी नुसता तपकिरी पट्टा आहे. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) गॅपही मोजली. तीन नंबरची १.१ च्या वर, बाकीच्यांची १ च्या आसपास.

गॅरेज_इचलकरंजी

सापडलं मग. तपकिरी पट्ट्याची काळजी करू नका. तो हवेतल्या तेलकट धुळीचा असतो, त्याने काही बिघडत नाही. काळी रेघ मात्र ठिणगीची वाट आहे. करंट आत उडी मारायच्या ऐवजी चिनीमातीवरून बाहेरच्या बाहेर बॉडीला जातोय.

आता कॉईलखालचा रबरी बूट काढून उलटा करून आत बघा, तशीच रेघ रबरावरही असणार. तो बूट बदलल्याशिवाय नवीन प्लग टाकू नका. जळकी रेघ करंटला रस्ता दाखवते आणि नव्या प्लगवरही थोड्याच दिवसांत तीच रेघ उमटते. मग लोक म्हणतात प्लग डुप्लिकेट निघाला. अदलाबदल करून बघायची गरज राहिली नाही.

अनुजा_चाकण

आणि हे गॅसवर, घाटातच का होतं तेही सांगते. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. त्यात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. घाटात ॲक्सिलरेटर दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा-गॅस जास्त भरतो, ठिणगीच्या क्षणी दाब जास्त असतो, म्हणून व्होल्टेज आणखी वाढवावं लागतं. त्यात इलेक्ट्रोड (प्लगची ठिणगीची टोकं) झिजून गॅप ०.८ ची १.१ झालेली. तिन्ही भार कॉईलवर एकदम पडतात आणि मग ठिणगी सोपी वाट शोधते, ती बाहेरून. पेट्रोलवर मागणी कमी असल्याने तीच कॉईल आणि तोच प्लग पुरून उरतात.

म्हणून मिस्त्रींचा गॅप कमी करायचा विचार दिशेने बरोबर आहे, पण अर्धा मिलिमीटर फार झाला. ठिणगी इतकी तोकडी होते की ज्वाला नीट धरत नाही, आयडलिंगला गाडी थरथरते. तुमच्या मॅन्युअलमध्ये ०.७ ते ०.८ आहे, त्यातला ०.७ ठेवा. झिजायला थोडी जागा राहते.

धातूबद्दल माझं मत इरिडियमकडे झुकतं. निकेल १,४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २,४४६ ला. त्यामुळे टोक ०.४ किंवा ०.६ मिलिमीटर इतकं बारीक करता येतं आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. गॅसच्या गाडीला नेमकं तेच हवं असतं. मात्र सगळे इरिडियम सारखे नसतात. काहींचं मधलं टोक तेवढं इरिडियमचं असतं आणि वरचा वाकडा इलेक्ट्रोड साध्या निकेलचा. दोन प्लगमध्ये एक कॉईल असलेल्या गाड्यांत अर्ध्या प्लगना ठिणगी उलट्या दिशेने मिळते, तिथे तो निकेलचा भाग आधी झिजतो. अशा गाडीला दोन्ही बाजूंना मौल्यवान धातू असलेला प्लग घ्यावा.

गॅरेज_इचलकरंजी

ताईंचं बरोबर आहे, पण मालवाहू गाडीला मी निकेलच सांगतो. वीस हजार किलोमीटरला चारही बदलून टाकायचे. इरिडियम टाकला की माणूस निश्चिंत होतो, प्लग उघडून बघतच नाही, आणि गॅसच्या गाडीत प्लग अधूनमधून उघडून बघणं फार गरजेचं. त्यावरून आतलं बरंच कळतं. इरिडियमची गॅप कमी-जास्त करताना गेजच्या पात्याने मधलं टोक दाबलं तर ते मोडतं, तेही आमच्या पोरांकडून होतं. फक्त वरचा इलेक्ट्रोड हळूच वाकवायचा, मधल्याला टेकू द्यायचा नाही.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं, हेड ॲल्युमिनियमचं आहे. प्लग काढण्याआधी खड्ड्यात हवा मारून माती उडवा, तुमच्याकडे रस्त्याची धूळ भरपूर असणार. खड्ड्यात तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं सील गेलंय, तेही बदला, नाहीतर तेलाने नवा बूट फुगेल. आट्याला ग्रीस लावायचं नाही. हाताने शेवटपर्यंत फिरवायचा, सहज फिरला नाही तर आटा वाकडा धरलाय, परत काढायचा. हाताने टेकला की पान्याने आणखी अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत. टॉर्क रेंच असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर.

मीरा_नाशिक

घेताना डुप्लिकेट तपासून घ्या. चांगल्या प्लगचा वॉशर आट्यावरून सहज निघून हातात येत नाही, छपाई स्वच्छ असते, वरचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोब्बर डोक्यावर असतो. मला एकदा चारातले दोन तिरके मिळाले होते, दुकानातच परत केले.

सासवडचा_माळी

मंडळी, काम झालं. बूट उलटा करून बघितला, आत तशीच काळी रेघ होती. चारही बूट नवीन घेतले. प्लग सध्या निकेलचेच टाकले, मॅन्युअलमधल्या नंबरचे. बूटांचा खर्च आला आणि हंगामात पैसा बियाण्या-औषधात अडकलाय. गॅप ०.७, मिस्त्रींसमोर फीलर गेजने मोजून. त्यांना बॉश आणि एनजीकेच्या आकड्यांची गोष्ट सांगितली तर त्यांनी वहीत लिहून घेतली. खड्डे कोरडे निघाले, तेल नाही.

कोड पुसला आणि काल पेंडीची पोती भरून गॅसवरच घाट चढवला. तिसऱ्या गिअरला एकही झटका नाही, दिवा नाही. स्कॅनरवर काही नाही. पुढच्या वेळी हातात पैसे असले तर इरिडियम टाकून बघेन, कॉईल स्वतंत्र आहेत हे आता माहीत झालंय.

गॅरेज_इचलकरंजी

उत्तम. दहा हजारांनी एक प्लग उघडून गॅप मोजा. आणि इतकं चाललेल्या गॅसच्या गाडीचं टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) एकदा तपासून घ्याच. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्हची सीट घासत जाते, क्लिअरन्स कमी होत जातो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. तेव्हाही मिसफायरचाच कोड येतो, आणि तो प्लग बदलून जात नाही. गॅसचा फिल्टर कधी बदललाय?

सासवडचा_माळी

फिल्टरची नोंद आधीच्या मालकाच्या कागदात नाही, म्हणजे बदलूनच टाकतो. टॅपेटचं मिस्त्रींना सांगून ठेवलंय, अंजिराची तोड उरकली की गाडी त्यांच्याकडे लावतो.