निपाणीतील महाविद्यालयासाठी ई-साहित्य कोठून मिळवावे?

प्रश्न (निपाणी): आमच्या महाविद्यालयातील मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जुने प्रबंध पाहण्यासाठी एस.टी.ने कोल्हापूर गाठावे लागते. तुटपुंज्या तरतुदीत काय करता येईल?

उत्तर (बेळगाव): गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही महाविद्यालयांसाठीची ई-साहित्याची योजना आधी घ्यावी, महाविद्यालयाने वार्षिक वर्गणी भरली की प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन मिळते आणि नियतकालिके घरूनही वाचता येतात. शिवाजी विद्यापीठाचे अनेक प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर विनामूल्य आहेत, मग प्रत्येक वेळी कोल्हापूर कशाला?

उत्तर (खानापूर): एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. ‘शोधगंगा’वर शोधताना ‘लोकसाहित्य’ हा शब्द देवनागरीत टाकला तेव्हा मला मोजकेच प्रबंध दिसले. तोच रोमन लिपीत टाकताच आणखी सापडले, कारण काही शीर्षके तशीच नोंदलेली असतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वर्गणीचा प्रस्ताव प्राचार्यांकडे सोमवारीच देतो.