बाईकवर ऑफ-रोडिंग सुरू करायचंय: गाडी, गिअर आणि सराव कसा?

धुरळा
रस्त्यावर हात बरा आहे, पण माती-खडीवर गेलं की हँडल वळवळतं आणि माझी बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर जातात. पहिली गाडी किती सीसीची घ्यावी? गिअरमध्ये, म्हणजे अंगावरच्या संरक्षक साहित्यात, आधी काय? आणि मोकळ्या मैदानात नेमका कसला सराव करायचा? व्हिडिओ बघून नुसता गोंधळ झालाय.

मागचं_चाक
सीसी नंतर, आधी वजन बघा. २००-२५० सीसी, १५० किलोच्या आत, पुढे २१ आणि मागे १८ इंची स्पोकची चाकं. मोठ्या अ‍ॅडव्हेंचर गाड्या दिसायला झकास, पण दोनशे किलोचं धूड चौथ्यांदा उचलताना दम संपतो. दमलेला माणूस सीटवर बसून चालवतो, आणि मग पाचव्यांदा पडतो.

हेल्मेटनंतर पहिला खर्च बुटांवर करा. गाडी पडते तेव्हा पाय खाली अडकतो, घोटा पिळवटतो. ट्रेकिंगचे बूट इथे कामाचे नाहीत; नडगी झाकणारे, कडक मोटोक्रॉस बूटच हवेत. जाड बुटात गिअर लिव्हरखाली पाऊल शिरत नाही, म्हणून लिव्हर एक-दोन खाचा वर करून बसवा. मग नी-गार्ड, गॉगल, ग्लोव्ह्ज.

हँडल वळवळणारच, त्याला घट्ट धरून सरळ करायला जाऊ नका. पुढचं चाक स्वतःची वाट शोधत असतं, आणि तुम्ही ते आवळलं की प्रत्येक दगडाचा हिसका थेट खांद्यात येतो. फूटपेगवर उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं बाहेर काढा, मूठ सैल सोडा. तोल पायांवर असला पाहिजे. खात्री करायची तर संथ चालत्या गाडीवर क्षणभर दोन्ही मुठी उघडून बघा. मागे किंवा पुढे कललात तर तुम्ही हँडलला लटकलेले आहात.

सरावाला दोन दगड ६-७ मीटर अंतरावर ठेवा आणि पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर इंग्रजी आठाचा आकडा काढा. गाडी आत झुकवायची, अंग बाहेर ठेवायचं, भार बाहेरच्या पेगवर. अंतर कमी करत न्या. ब्रेकचा सराव वेगळा: ताशी २० च्या वेगात मागचं चाक मुद्दाम लॉक करून घसरू द्या, म्हणजे त्याची भीती जाते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर फक्त मागचं बंद करा. पुढचा ब्रेक एका बोटाने, हळूहळू वाढवत, आणि हँडल सरळ असतानाच.

खडीसम्राट
मुख्य गोष्ट राहिली, टायरची हवा! रोडवरच्या हवेत गाडी खडीवर नुसती उड्या मारते. सरळ १२-१५ पीएसआयवर आणा, जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

ट्यूबलेस_नाही
थांबा, ट्यूबच्या टायरला रिम लॉक (टायर रिमला आवळून धरणारा क्लॅम्प) नसेल तर १२ मुळीच नको. टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो, आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. ते पॅचने सांधता येत नाही. शिवाय दगडावर आपटून ट्यूब रिमच्या कडेत चिमटली की शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. खडकाळ वाटेवर २२, मोकळ्या मातीत १८ पासून सुरुवात करा. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका, वर टोपीपर्यंत फिरवून ठेवा. टायर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका दिसेल आणि फाटण्याआधी कळेल. परत डांबरी रस्त्यावर यायचं असेल तर पंप सोबत हवाच.

अजून एक: क्लच-ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प जोर लावला की फिरतील इतपतच आवळा. गाडी पडली की लिव्हर फिरतो, तुटत नाही.

धुरळा
हवेचं लक्षात आलं, आभार. चढावर मध्येच गाडी बंद पडली तर? मी क्लच आणि पुढचा ब्रेक दाबतो, तरी गाडी मागे घसरते.

मागचं_चाक
चढावर सगळा भार मागच्या चाकावर असतो. हलकं झालेलं पुढचं चाक लॉक होऊनही घसरतं, आणि दोन्ही पाय जमिनीवर असल्याने मागचा ब्रेक हाती नसतो. म्हणून इंजिन बंद पडलं की क्लच सोडा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं.

आता उताराची जी बाजू उंच, त्या बाजूला उतरा. हँडल पूर्ण वळवा, क्लच किंचित दाबून गाडी वीतभर मागे येऊ द्या, पुन्हा सोडा. असं तीन-चारदा केलं की गाडी उताराला आडवी होते. मग तोंड खाली करून, पहिल्या गिअरमध्ये, क्लचला हात न लावता उतरवा. वर चढवण्याचा दुसरा प्रयत्न पायथ्यापासून, मधूनच नाही.