पिल्लू कंपनीचं, माश्या आमच्या

विहिरीकाठचा: आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर तीन वर्षांत ब्रॉयलरची, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांची, चार शेडं उभी राहिली. बॅच गेली आणि खत ओढायला सुरुवात झाली, की माश्यांमुळे आठवडाभर आम्ही पंखा फुल्ल करून, भाजीवर ताट उपडं घालून जेवतो. शेडवाल्यांशी भांडून झालं. मग लक्षात आलं, भांडण चुकीच्या माणसाशी चाललंय.

ही शेडं कंपनीशी करार करून चालतात. करारात पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, लस-औषध कंपनीचं. चाळीसेक दिवसांनी गाडी येते आणि पक्षी तोलून नेते. शेतकऱ्याकडे उरतात किलोमागचे थोडे रुपये, विजेचं बिल आणि शेडभर अंथरलेलं तूस, त्यातल्या विष्ठेसकट. १०,००० पक्ष्यांची एक बॅच साधारण ३५ टन खाद्य खाते. त्यातलं जे मांस होत नाही ते गावात राहतं, वर्षाला पाच-सहा वेळा.

२०२० मध्ये हरित लवादाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला पोल्ट्रीला दिलेल्या सवलतींचा फेरविचार करायला सांगितलं. २०२१ मध्ये नवे नियम आले: ५,००० च्या वर पक्षी असतील तर मंडळाची संमती घ्या. पण ती काढायची कुणी, तर शेडवाल्याने! माझं म्हणणं, पक्षी ज्याचा त्याच्याच नावावर संमती हवी आणि विष्ठेची जबाबदारीही त्याचीच.

शेडमालक: दादा, कळवळ्याबद्दल आभार, पण विष्ठा कंपनीला देऊन टाकू नका, पाया पडतो. बॅचमध्ये मरतूक वाढली तर कंपनीकडून हातात येतं ते कर्जाच्या हप्त्यातच जातं. माझा खरा नफा कोंबडखताचा आहे. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, यात तीन टक्क्यांच्या जवळपास. द्राक्षवाले आगाऊ पैसे देऊन ट्रॉली ठरवतात. तुमच्या नियमाने कंपनी ती ट्रॉलीही घेऊन जाईल.

माश्यांचं म्हणाल तर तूस कोरडं असलं की माशी धरत नाही. पाणी प्यायचे निपल गळतात, कुणी लक्ष देत नाही, तूस भिजतं, मग अमोनिया आणि मग अळ्या. मी रोज दोनदा उकरतो. सगळे उकरत नाहीत, हे कबूल.

बांधावरचा_बीएस्सी: धागाकर्ते, विहिरीचं पाणी तपासलंत का? नाव विहिरीकाठचा आहे म्हणून विचारतो.

विहिरीकाठचा: तपासलं. नायट्रेट लिटरला ७२ मिलिग्रॅम. मर्यादा ४५ ची.

बांधावरचा_बीएस्सी: आणि विहिरीच्या वरच्या अंगाला कांदा असेल. एकरी किती गोणी युरिया पडतो? नायट्रेटवर कोंबडीचा शिक्का नसतो. मात्र कच्चं कोंबडखत मे महिन्यात बांधावर ढीग करून ठेवलं आणि मृगाचा पाऊस वरून गेला, तर ते सरळ झिरपतं. इथे शेडवाल्याइतकाच खत घेणारा बागायतदार दोषी. त्याला कुणी संमती मागत नाही.

सोयाबीन_लातूरकर: पोल्ट्रीवर लिहिणाऱ्यांनी आमची सोयाबीनची पेंड कोण खातं तेही लिहावं. कोंबडी खाते. शेडं बंद पडली की माझा भाव पडला. अर्थात पोल्ट्रीवालेही काही सोयरे नाहीत आमचे. २०२१ मध्ये भाव जरा चढला, तर ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयाबीनची पेंड बाहेरून आणायची परवानगी मिळवलीच त्यांनी.

शुद्ध_शाकाहारी_पुणे: इतकी डोकेफोड कशाला? खाणं सोडा, शेडं आपोआप बंद होतील.

मटणप्रेमी: आणि तुमचं पनीर झाडाला लागतं का? पशुपालनातला हरितवायूंचा मोठा वाटा रवंथ करणाऱ्या गाई-म्हशींचा, हे अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्येच मांडलंय. त्या हिशेबात कोंबडी बरीच सोवळी.

विहिरीकाठचा: तो हिशेब जगाचा. माझ्या ताटावरच्या माशीचा त्यात रकाना नाही.

गुरांचा_डॉक्टर: माशीपेक्षा मला दुसरीच काळजी. वाढ लवकर व्हावी म्हणून कोलिस्टिन हे प्रतिजैविक सर्रास खाद्यातून जायचं. माणसाला बाकी काही लागू पडेनासं झालं की उरणारं हे औषध. जुलै २०१९ मध्ये सरकारने प्राण्यांसाठी ते बंद केलं, ते बरंच झालं. पण अशा औषधांना दाद न देणारे जंतू एकदा तयार झाले की विष्ठेतून खतात आणि खतातून शेतात जातात. ट्रॉली कुणाच्याही मालकीची असो.

दुसरं, दाटी. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात निघाला. लाखो पक्षी मारून पुरले. २०२१ मध्ये पुन्हा नवापूरच. शेडाला शेड लागून असलं की रोगाला पंख लागत नाहीत, चपलेच्या तळव्याला बसून तो पलीकडे जातो. नियमात निवासी वस्तीपासून ५०० मीटर आहे. शेडांमधलं अंतर मोजायला कुणी टेप घेऊन आलेलं मी तरी पाहिलं नाही.

शेडमालक: डॉक्टर, खाद्याची गोणी सीलबंद येते. आत काय आहे ते मलाही माहीत नसतं. इथे मात्र धागाकर्त्यांचं पटतं: जे मी निवडत नाही, त्याची सही माझ्याकडून का?

आणि ५,००० च्या नियमाचं खरं सांगू? आमच्याकडे ४,९०० ची दोन शेडं आहेत. एक माझ्या नावावर, एक बायकोच्या.

विहिरीकाठचा: म्हणजे कागदावर दोन, माश्या एकत्र कुटुंबातल्या.

बरं, तडजोड सांगतो. खत तुमचं राहू द्या, पण निम्मी जबाबदारी करारात लिहून घ्या. रिकाम्या शेडातलं खत झाकून कुजवायला ताडपत्री आणि जागेचा खर्च कंपनीने द्यावा, किलोमागच्या दरातून न कापता.

शेडमालक: लिहून घ्या म्हणता, करार इंग्रजीत असतो आणि त्याची प्रत आम्हाला मिळत नाही. मागितली की पुढची बॅच उशिरा येते. चौघांनी मिळून मागितली तर बघू. रविवारी लिफ्टिंग आहे, कंपनीची गाडी पक्षी न्यायला येईल, तुम्हीही या. येताना तो पाण्याचा रिपोर्ट आणा.