सर्वसमावेशक अभ्यासक्रम म्हणजे मुदती सैल करायच्या का?

खडूफळा:
पहिल्या तासाला ‘इथे सगळ्यांचं स्वागत आहे’ असं म्हटल्याने कुणाला वर्ग आपला वाटू लागत नाही. वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ मधल्या प्रयोगात ‘सुरुवातीला परकं वाटतं, ते हळूहळू जातं’ हे अमेरिकेतल्या नवख्या विद्यार्थ्यांना तासाभरात पटवून दिलं आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढच्या तीन वर्षांत वाढले. पण २०२३ मध्ये २२ संस्थांमध्ये हेच तपासलं, तेव्हा जिथे आपलेपणाला प्रत्यक्ष वाव होता तिथेच त्याचा उपयोग दिसला. हा वाव अभ्यासक्रमाच्या रचनेतून मिळतो.

म्हणून माझा आग्रह असा: अंतिम परीक्षा ४० टक्क्यांपेक्षा जड नको. उरलेले गुण दहा छोट्या चाचण्या आणि तीन लेखी कामांत वाटा, सर्वांत कमी गुणांच्या दोन चाचण्या आपोआप वगळा. प्रत्येकाला सत्रात ४८ तासांच्या मुदतवाढीच्या तीन सवलती द्या, कारण न विचारता. कारण विचारलं की जो धीटपणे बोलतो त्यालाच सवलत मिळते. नैराश्याशी झगडणारा विद्यार्थी दारापर्यंत येतच नाही.

गणिती:
मुद्दा कळकळीचा आहे, पण सवलतींना माझा ठाम विरोध आहे. एकावर एक रचलेल्या विषयात तिसऱ्या आठवड्याची उदाहरणं राहिली की चौथ्याचं व्याख्यान डोक्यावरून जातं. उशिरा येणाऱ्यांसाठी उत्तरं अडवून ठेवावी लागतात, मग वेळेवर काम देणाऱ्यांनाही अभिप्राय उशिरा मिळतो. शिवाय सवलती सत्राच्या शेवटी एकदम वापरल्या जातात, जेव्हा सगळ्याच विषयांची कामं अंगावर असतात. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले: नुसत्या व्याख्यानात सुमारे ३४ टक्के नापास, वर्गातच काम करून घेतलं तर सुमारे २२. कच्च्या विद्यार्थ्याला ढिलाईपेक्षा चौकट तारते.

आणि १२० जणांच्या दहा चाचण्या म्हणजे १२०० उत्तरपत्रिका. तपासणार कोण?

निशिगंध:
तुम्ही दोघंही मुदतींवर अडलात. आपण परके आहोत हे विद्यार्थ्याला जास्त जाणवतं ते गटकामात. ‘आपापले गट करा’ म्हटलं की ओळखीचे एकत्र येतात आणि उरलेल्यांचा शेवटचा गट होतो. तो उरलेपणा सगळ्या वर्गाला दिसतो. गट शिक्षकाने करावेत, चौघांचे. एका गटात एकच मुलगी किंवा एकच परभाषिक विद्यार्थी टाकू नये. टिपणं घेणं, मांडणी करणं ही कामं दर आठवड्याला फिरवावीत, नाहीतर टिपणं कायम मुलींच्याच गळ्यात पडतात.

दुसरं म्हणजे साहित्य. पानाचा नुसता फोटो असलेली पीडीएफ स्क्रीन रीडर (अंध विद्यार्थ्यांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचू शकत नाही. निवडता येईल असा मजकूर द्या. फिक्या करड्या अक्षरांच्या स्लाइड टाळा, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५:१ हवं. आणि ६० मिनिटांच्या पेपरला सगळ्यांनाच ९० मिनिटं द्या, म्हणजे जादा वेळेसाठी फारसं कुणाला अर्ज घेऊन फिरावं लागणार नाही.

मात्रा:
निशिगंध, वेळेचं सरसकट नको. नर्सिंगमध्ये औषधाची मात्रा ठरलेल्या वेळेत काढता येणं हेच कौशल्य आहे. तिथे वेळ वाढवली तर आपण भलतंच मोजतो. आधी प्रत्येक चाचणीसमोर लिहा की वेग तपासायचा आहे की नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असेल, तिथे खुशाल ९० मिनिटं द्या.

खडूफळा:
मात्रा, मान्य. गणिती, दहापैकी सात चाचण्या संगणकावर तपासता येतील अशा ठेवा, तीनच हाताने तपासा. सवलत फक्त लेखी कामांना, साप्ताहिक उदाहरणांना नाही. पहिली सवलत सहाव्या आठवड्यापर्यंत वापरली नाही तर रद्द, म्हणजे शेवटी साठणार नाहीत. चौथ्या आठवड्यात निनावी तीन प्रश्न विचारा: काय कळत नाही, काय अडतं, काय बदलावं. पुढच्याच तासाला काय बदलणार आणि काय नाही ते सांगा. उत्तर दिलं नाही तर पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही. मात्र कारण विचारायला माझा विरोध कायम आहे.

गणिती:
साप्ताहिक उदाहरणं वगळलीत तर माझी निम्मी हरकत गेली. उरलेली निम्मी अशी: कारण कधीच विचारलं नाही, तर तिन्ही सवलती पाचव्या आठवड्यातच संपवणारा विद्यार्थी कुणाच्या नजरेस येणार? दुसरी सवलत वापरली की त्याला कुणीतरी स्वतःहून ‘कसं चाललंय’ असं विचारायला हवं. ते काम कुणाचं, हे सत्र सुरू होण्याआधी नावानिशी ठरवा.