शब्दचर्चा: 'राखाडी पोयटा' की 'राखेची माती'? बसाल्टवरच्या वनमातीसाठी शब्द

गोदाकाठ
वनमृदांवरच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेचे मराठी चालू आहे. वाचक नाशिक जिल्ह्यातले रोपवाटिकावाले आणि वनशेती करणारे. मजकूर मात्र अमेरिकेच्या वायव्य भागातला आहे: ओरेगन, वॉशिंग्टन आणि उत्तर आयडाहोची जंगले. तिथे तळाला कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला बसाल्ट, त्यावर वाऱ्याने आणून टाकलेला बारीक थर आणि सगळ्यांत वर माझामा ज्वालामुखीची राख. मसुद्यात हे असे उतरले आहे: 'बसाल्ट या जनक खडकापासून तयार झालेली राखाडी पोयट्याची वनमाती.' यातले 'राखाडी', 'पोयटा' (वाळू आणि चिकणमाती यांच्या मधल्या आकाराचे कण) आणि 'जनक खडक' हे तीन शब्द खटकतात. काय वापरावे?

कातळवाट
तिन्ही बदला. सगळ्यांत घातक 'जनक खडक' आहे, म्हणून आधी तोच घेतो.

आपल्याकडे कुठेही विहीर खणली की क्रम ठरलेला असतो: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या किंवा काळा कातळ. मुरमाचे खडे वरच्या मातीत सापडतात, मातीचे पदर खाली मुरमात शिरलेले दिसतात. खडक झिजून मुरूम झाला आणि मुरूम झिजून माती, हे डोळ्यांना दिसते. त्यामुळे 'बसाल्टवरची माती' म्हटले की नाशिकचा वाचक 'बसाल्टची माती' असेच वाचणार. तुमच्या मजकुरातली माती खालून वर आलेली नाही, ती वरून पडलेली आहे. बसाल्ट १ कोटी ७० लाख ते ६० लाख वर्षांपूर्वीचा, राख मात्र सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीची. माझामा पर्वताचा माथा त्या उद्रेकात ढासळला आणि ओरेगनमधले आजचे क्रेटर लेक हे सरोवर त्या खड्ड्यात साठले.

म्हणून 'जनक खडक' काढून 'मूळ द्रव्य' (माती ज्यापासून बनते ते) लिहा: 'मूळ द्रव्य: ज्वालामुखीची राख आणि वाऱ्याने आणलेला बारीक थर. तळखडक: बसाल्ट.' मूळ द्रव्य आणि तळखडक हे दोन शब्द वेगळे ठेवले की अर्धा गोंधळ मिटतो.

पेठरान
'राखाडी' हा रंग आहे, द्रव्य नव्हे. राखेपासून झालेल्या माती बहुतेक राखाडी नसतातच. उत्तर आयडाहोच्या जंगलात राखेचा थर पिवळसर तपकिरी दिसतो, कारण त्यातले लोह गंजलेले असते. जपानमध्ये अशा माती काळ्याभोर आहेत. या मातीगटाचे जगभर चालणारे नाव 'अँडोसॉल' जपानीतूनच आले आणि त्याचा अर्थ गडद माती. अमेरिकी वर्गीकरणात १९९० पासून 'अँडिसॉल' हा स्वतंत्र वर्ग आहे.

'राखेची माती' लिहायलाही माझी एक हरकत आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे राख म्हटली की राब आठवतो. नागली आणि भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, फांद्या, शेण जाळून केलेल्या वाफ्यातली ती राख. लाकडाच्या राखेत चुना आणि पालाश असतो, ती अल्कधर्मी असते आणि तिचा बराच भाग पाण्यात विरघळून निघून जातो. ज्वालामुखीची राख जळून उरलेली नसतेच. ती फुटलेल्या, वितळलेल्या खडकाची बारीक काच असते. पुस्तिका वाचून कोणी रोपांना 'राख चांगली' म्हणून चुलीची राख भरभरून टाकली तर सामू (पीएच) चढेल आणि रोपे लोहाअभावी पिवळी पडतील. पहिल्या उल्लेखात 'ज्वालामुखीची राख (काचेचे सूक्ष्म कण)' असे पूर्ण लिहावे, पुढे 'राखथर' चालेल.

मोटेवरचा
'फुफाटा' का नको? शब्द आपला आहे. गाडीवाटेवर पाऊल बुडते ती बारीक धूळही फुफाटाच, आणि आगीतून फुफाट्यात पडतो ती गरम राखही फुफाटाच. वाऱ्याची धूळ आणि राख दोन्ही एका शब्दात येतात.

कातळवाट
मोह होतो खरा, पण फुफाटा ही अवस्था आहे: सुटी, कोरडी, पायाखाली उडणारी. पाऊस पडला की फुफाटा राहत नाही. मजकुरातला थर हजारो वर्षे जंगलाखाली ओला राहून माती झालेला आहे, त्यात मुळे आहेत, बुरशी आहे. राख पडतानाचे वर्णन असेल तिथे फुफाटा सुंदर बसेल. १८ मे १९८० ला सेंट हेलेन्स ज्वालामुखीची राख पूर्व वॉशिंग्टनभर पडली, तिच्यासाठी जरूर वापरा. मातीच्या नावात नको.

गोदाकाठ
'पोयटा' का नाही? कृषी पुस्तकांत वाळू, पोयटा, चिकणमाती हाच क्रम असतो.

कातळवाट
तीन कारणे आहेत आणि तिन्ही नाशिकच्या वाचकाला लागू पडतात.

पहिले, 'पोयटा' हा पुस्तकात कणाच्या आकाराचे नाव आहे, पण 'पोयट्याची जमीन' म्हणजे वाळू, पोयटा, चिकण यांचे समतोल मिश्रण. गोदाकाठची, निफाडकडची नदीकाठची जमीन लोक पोयट्याची म्हणतात ती या दुसऱ्या अर्थाने. तुम्ही 'पोयट्याची वनमाती' लिहिले की वाचक कसदार मिश्र जमीन समजणार.

दुसरे, कणाची मर्यादा. जुन्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पोयटा म्हणजे ०.००२ ते ०.०२ मिमी. अमेरिकी पद्धतीत ०.००२ ते ०.०५ मिमी. वाऱ्याने आणलेल्या थरातले पुष्कळ कण ०.०२ ते ०.०५ मिमीच्या पट्ट्यातच असतात. म्हणजे एकाच नमुन्यातले तेच कण अमेरिकी अहवालात पोयटा आणि जुन्या भारतीय पुस्तकात बारीक वाळू. पुस्तिकेत टक्केवारी देत असाल तर शेजारी मर्यादा लिहिल्याशिवाय आकडा छापू नका.

तिसरे, पोयटा म्हटल्यावर तो कशाने आला हे कळत नाही. 'गाळ' तर नकोच, कारण मराठीत गाळ पाण्यानेच येतो: धरणाचा, नाल्याचा, पुराचा. वाऱ्याने साचलेल्या थराला शाळेच्या भूगोलातला 'लोएस' हाच शब्द ठेवा. मूळ जर्मन, ऱ्हाईनच्या खोऱ्यातला, अर्थ सुटी माती. मुलांनाही माहीत आहे. पहिल्यांदा 'लोएस, म्हणजे वाऱ्याने आणून साचवलेला पोयट्याच्या कणांचा थर' असे सांगितले की पुढे नुसते लोएस पुरे.

मोटेवरचा
हे सगळे कण हाताला कसे ओळखायचे, तेही पुस्तिकेत यावे. नाही तर शब्द नुसते पाठ होतील.

पेठरान
बरोबर. मूठभर माती २ मिमीच्या चाळणीने चाळा, थेंबथेंब पाणी घालून कणकेसारखी मळा आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. निफाडची काळी माती ५ सेंमीहून लांब पट्टी देते, बोटाला चिकटते आणि चकाकते. लोएस मैद्यासारखा गुळगुळीत लागतो, चिकटत नाही, पट्टी अडीच सेंमीच्या आतच तुटते. राखथर हलका, लोण्यासारखा घसरणारा: दाबला की अचानक पाणी सोडतो, सैल पडतो, हात थांबला की पुन्हा घट्ट होतो.

कणांचे आकार वेगळे करणारी बाटलीची चाचणीही सोपी आहे. उभट काचेच्या बाटलीत एक तृतीयांश चाळलेली माती, वर पाणी, त्यात विखुरक म्हणून, म्हणजे कण सुटे करायला, सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या ५ टक्के द्रावणाचे काही चमचे. माती रात्रभर भिजू द्या, मग पाच मिनिटे जोरात हलवून स्थिर ठेवा. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० सेंमी खाली यायला ०.०५ मिमीच्या कणाला पाऊण मिनिट लागते, ०.०२ मिमीच्या कणाला ४ मिनिटे ४८ सेकंद, ०.००२ मिमीच्या कणाला ८ तास. नाशिकच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर असेल तर पातळ होते आणि ८ तासांचे सुमारे ६ तास २० मिनिटे होतात. दाट गढूळ बाटलीत कण एकमेकांना अडवतात, म्हणून हे आकडे अंदाजापुरते. काटेकोर मोजणी पातळ द्रावणातच होते.

कातळवाट
त्याला एक पुरवणी जोडतो, कारण राखथरात ही चाचणी फसते. राखेच्या काचेपासून अ‍ॅलोफेन नावाचे अतिसूक्ष्म खनिज बनते. ते कणांना घट्ट बांधून ठेवते आणि साध्या विखुरकाने सुटत नाही. बाटलीत चिकणमाती कमी आणि पोयटा जास्त दिसतो. नमुना आधी उन्हात वाळवला तर आणखी बिघडते, कारण ती माती एकदा पूर्ण वाळली की पुन्हा पूर्वीइतकी फुगत नाही. म्हणून राखेचा नमुना ओलाच, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून प्रयोगशाळेत पाठवायचा. आपल्याकडे माती परीक्षणाचा नमुना सावलीत वाळवून द्यायची सवय आहे, तिथे ही सूचना ठळक हवी.

खात्रीची खूण म्हणजे घनता. ५ सेंमी व्यास आणि ५ सेंमी उंचीचे नळकांडे मातीत सरळ ठोका, दोन्ही तोंडे सुरीने सपाट करा, १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजन घ्या. नळकांड्याचे आकारमान ९८ घन सेंमी. कोरडी माती ७८ ग्रॅम भरली तर घनता घन सेंमीला ०.८ ग्रॅम, १२७ ग्रॅम भरली तर १.३. अँडिसॉलच्या मूळ निकषात ही घनता ०.९ किंवा कमी लागते (मात्र ती ठरावीक ओलाव्यावर मोजायची), आणि असे गुणधर्म वरच्या ६० सेंमीपैकी किमान ३६ सेंमीत दिसावे लागतात. काचेचे प्रमाण जास्त असेल तर निकष थोडे सैल होतात. काळ्या मातीत हीच मोजणी करताना ओलावा नोंदवा. ती सुकताना आक्रसते, त्यामुळे मे महिन्यातली आणि ऑगस्टमधली घनता सारखी येत नाही.

सोडियम फ्लोराइडची चाचणी पुस्तिकेत असेल तर तिच्याखाली इशारा घालाच. १ ग्रॅम माती ५० मिली द्रावणात टाकून दोन मिनिटांत सामू ९.४ च्या वर गेला तर अ‍ॅलोफेन आहे असे धरतात. पण येवला, निफाडकडच्या चुनखडीच्या जमिनीतही सामू तसाच चढतो, कारण चुन्याशी फ्लोराइडची क्रिया होऊन सोडियम कार्बोनेट तयार होते. आधी आम्लाचा थेंब टाका. फसफसले तर ही चाचणी तिथे निरुपयोगी. द्रावण विषारी आहे, हातमोजे घाला.

मोटेवरचा
मग 'आपली काळी माती ज्वालामुखीची आहे' असे म्हणतात, ते चूक का?

कातळवाट
अर्धे बरोबर. दख्खनचा बसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. काळी माती त्या थिजलेल्या लाव्हाच्या झिजेतून आणि उताराने वाहून आलेल्या गाळातून झाली, राखेतून नव्हे. काळा रंगही राखेचा नाही. सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो, पण तो चिकणमातीशी घट्ट बांधलेला असल्याने माती गडद दिसते. आपल्याकडे ज्वालामुखीच्या राखेची खूण पाहायची तर पुणे जिल्ह्यात कुकडी नदीवर बोरीला गाळात राखेचा पांढुरका थर आहे, आणि त्याच्या वयावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सह्याद्रीच्या घाटरस्त्यांच्या कापणीत दोन लाव्हाथरांमध्ये दिसणारी तांबडी पट्टी, ज्याला भूशास्त्रात 'लाल बोल' म्हणतात, ती वेगळी गोष्ट. तिला गेरू म्हणणारे आहेत, पण पुस्तिकेत बोलच लिहा.

पेठरान
व्यवस्थापनाच्या भागात एक वाक्य जपून घ्या. तिथल्या जंगलात बहुतेक बारीक मुळे राखथरात असतात, कारण उन्हाळा कोरडा आणि पाणी धरून ठेवणारा थर तोच. खाली काही ठिकाणी लोएसमध्ये घट्ट थर असतो, त्यावर पाणी तुंबते. ओल्या राखथरावरून लाकूड ओढायची यंत्रे फिरली की थर दबतो आणि अनेक दशके सुटत नाही. उतारावरून खरवडला गेला तर भरून निघत नाही, कारण नवी राख पडत नाही. उत्तर उतारांवर थर जाड, ऊन खाणाऱ्या दक्षिण उतारांवर बहुधा पातळ किंवा लोएसमध्ये मिसळलेला. मसुद्यात याला 'जमिनीची धूप' एवढेच म्हटले असेल तर अपुरे आहे. 'राखथर दबणे' आणि 'राखथर हलणे' असे दोन धोके वेगळे लिहा, उपायही वेगळे आहेत: पहिल्यासाठी यंत्रांच्या वाटा ठरवून देणे आणि ओलीत काम बंद ठेवणे, दुसऱ्यासाठी बुंधे उपटून जमीन साफ न करणे.

स्फुरदाबद्दलही (फॉस्फरसबद्दल) तसेच. राखथरात स्फुरद अ‍ॅल्युमिनियमला बांधला जातो, चुनखडीच्या जमिनीत चुन्याला. दोन्हीकडे 'स्फुरद बसतो' म्हणतात, पण कशात बसतो ते लिहिलेच पाहिजे.

गोदाकाठ
वाक्य असे केले: 'मूळ द्रव्य वर ज्वालामुखीची राख, तिच्याखाली लोएस, तळखडक बसाल्ट. माती तळखडकापासून झालेली नाही.' शीर्षकात 'राखथराची वनमाती'. मूळ मजकुरात राखेच्या थराला 'टोपी' म्हटले आहे, ते ठेवू का?

पेठरान
नको. टोपी काढता-घालता येते. 'वरचा राखथर' लिहा, आणि आकृतीत त्याची जाडी सेंमीत दाखवा.